पूर ओसरल्यानंतर वस्तीच्या गरजांची पाहणी आणि पुनर्वसनाचा आराखडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापुरानंतर पाहणीला निघालेले कार्यकर्ते, स्थानिक समित्यांचे सदस्य आणि स्वतः पूरग्रस्त यांच्याकडून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत आणि पुढे अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एकच मुद्दा दोन ठिकाणी येतो, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नुकसानीचे पंचनामे झाले आहेत. मग गरजांची वेगळी पाहणी कशाला?

पंचनामा काय गेले ते नोंदवतो. गरजांची पाहणी काय अडले आहे ते शोधते. दोन घरांची एकेक भिंत सारखीच पडलेली असते, पण एका घरात महिन्याचा पगार चालू असतो आणि नातेवाइकांकडे राहण्याची सोय असते, तर दुसऱ्या घरातील शिलाई यंत्रात गाळ शिरलेला असतो आणि त्या यंत्रावरच घर चालत असते. पंचनाम्यात ही दोन घरे शेजारी शेजारी, एकाच रकान्यात बसतात. म्हणून पाहणीत प्रत्येक बाबतीत तीन गोष्टी विचाराव्यात: पुरापूर्वी हे कसे चालत होते, आज कसे चालते, आणि मधली तूट लोक स्वतःच्या बळावर कितपत भरून काढू शकतात. त्यानंतर जे उरते ती गरज. भरपाईसाठी पंचनामा लागतोच आणि त्याची प्रत प्रत्येकाने जपून ठेवावी. मात्र केवळ त्याच्या आधारे आराखडा करू नये. पैशातील हिशेबाचा भाग प्रश्न १० मध्ये आहे.

२. पाहणी केव्हा करावी? लोक चिखलात उभे असताना वही काढणे बरे दिसते का?

बरे दिसत नाही, आणि पहिल्या दिवशी वहीची फारशी गरजही नसते. पहिल्या ७२ तासांत हाताशी असलेल्या माहितीवरच बहुतेक निर्णय घ्यावे लागतात: जुनी लोकसंख्या, नकाशे, निवारा केंद्रांतील हजेरी, दूरध्वनीवर मिळालेली खबर आणि उपग्रहांची चित्रे. 'सेंटिनेल-१' सारखे रडार असलेले उपग्रह ढगांतून आणि रात्रीही पाणी टिपतात, हे खरे. परंतु दाट बांधकामाच्या भागात इमारतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे साचलेले पाणी त्यांना नीट ओळखता येत नाही, त्यामुळे नकाशात कोरडी दिसणारी वस्ती यादीतून परस्पर वगळू नये.

पहिल्या दोन आठवड्यांत वस्तीत फिरून झटपट पाहणी करावी, आणि क्षेत्रवार सविस्तर पाहणी लोक घरी परतू लागल्यावर. एक नियम मात्र तिन्ही टप्प्यांत पाळावा. प्यायला पाणी नाही किंवा घरात आजारी माणूस आहे असे कोणी सांगितले, तर अर्ज बाजूला ठेवून आधी ते ज्याला कळवायचे त्याला कळवावे. तसेच एकाच कुटुंबाला पाच संस्थांनी तेच ते विचारण्यापेक्षा एकाने विचारून इतरांना द्यावे. पाचव्यांदा उत्तर देणारा माणूस खरे सांगण्याचा कंटाळा करतो, आणि तो त्याचा दोष नसतो.

३. पहिल्या फेरीत नेमके काय पाहायचे?

पाणी, शौचालये, निवारा, अन्न, औषधोपचार आणि माणसांची संख्या. तुलनेसाठी 'स्फिअर' ही आंतरराष्ट्रीय किमान मानके उपयोगी पडतात, कारण त्यांच्यामुळे 'पाणी कमी आहे' ही तक्रार मोजता येते. त्यांच्यानुसार पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि स्वच्छतेसाठी माणशी रोज किमान १५ लिटर पाणी मिळायला हवे. एका नळावर २५० पेक्षा आणि एका हातपंपावर ५०० पेक्षा अधिक माणसे अवलंबून नसावीत. पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत असावी आणि रांगेत अर्ध्या तासाहून अधिक वेळ जाऊ नये. सामायिक शौचालय सुरुवातीला ५० जणांमागे एक आणि शक्य तितक्या लवकर २० जणांमागे एक असावे. निवाऱ्यात स्वयंपाकाची जागा सोडून माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा धरली जाते.

या फेरीत मोजपट्टी जरूर न्यावी. ओसरलेले पाणी भिंतीवर तपकिरी रेघ सोडून जाते. ती जोत्यापासून किती उंच आहे, पाणी किती तास राहिले, वेगाने आले की हळूहळू चढले आणि सोबत काय घेऊन आले, एवढे घराघरात लिहून घेतले, तर पुढचे कितीतरी वाद टळतात. साफसफाई सुरू झाली की ती रेघ दोन दिवसांत पुसली जाते, म्हणून सार्वजनिक इमारतींवर रंगाने खूण करून तारीख घालावी. हे काम कोणीही सांगत नाही आणि नंतर प्रत्येक जण तीच खूण शोधत येतो.

४. विहिरीचे पाणी निवळले आहे, वासही नाही. ते प्यायला चालेल का?

दिसण्यावरून ठरवू नये. गाळ तळाशी बसला की पाणी स्वच्छ दिसते, पण शौचखड्ड्यांतून आणि गटारांतून मिसळलेले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. वस्तीपातळीवरचा सोपा उपाय म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची चाचणी बाटली: खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले तर विष्ठेतून येणारे दूषण असण्याची शक्यता धरायची. बाटली काळी पडली नाही म्हणजे पाणी निर्धोक ठरले असे मात्र नाही. विहीर उपसून, निर्जंतुक करून, पुन्हा तपासूनच ती खुली करावी. तोपर्यंत पाणी खळखळून उकळावे आणि उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवावे. क्लोरीन घातलेल्या पाण्यात वाटपाच्या ठिकाणी दर लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन, म्हणजे जंतू मारून झाल्यावरही पाण्यात शिल्लक राहिलेले क्लोरीन, असायला हवे. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून ते आधी निवळून घ्यावे. पुराच्या वाटेत कीटकनाशकांचे गोदाम, कारखाना किंवा इंधनाच्या टाक्या असतील तर उकळणे आणि क्लोरीन या दोन्हींचा उपयोग नाही. अशा ठिकाणी प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पाणी बाहेरूनच आणावे.

५. आमच्या वस्तीत ४०० घरे आहेत. प्रत्येक घरी जावेच लागेल का?

कशासाठी जायचे यावर ते अवलंबून आहे. मदतीची यादी करायची असेल, तर प्रत्येक घरी जावे लागते, त्याला पळवाट नाही. परंतु किती टक्के घरांत शौचालय बंद पडले आहे किंवा किती कुटुंबांचे उत्पन्न थांबले आहे असा अंदाज हवा असेल, तर नमुना पाहणी पुरते. ९५ टक्के विश्वासार्हतेने आणि पाच टक्के अधिकउण्याच्या मर्यादेत उत्तर हवे असल्यास (म्हणजे अशा शंभर पाहण्यांपैकी साधारण पंचाण्णवांत अंदाज खऱ्या टक्केवारीच्या पाच अंक अलीकडे-पलीकडेच राहावा) ४०० पैकी सुमारे १९६ घरे लागतात. दहा टक्क्यांची मर्यादा चालत असेल, तर ७८ घरांत काम भागते. मोठ्या शहरासाठीही पाच टक्क्यांच्या मर्यादेला सुमारे ३८५ घरे पुरतात, हे अनेकांना पटत नाही, पण गणित तसेच आहे.

संख्येपेक्षा निवड महत्त्वाची. घरे यादीतून चिठ्ठ्या टाकून किंवा ठरावीक अंतराने निवडावीत. वाहन जिथपर्यंत जाते तिथपर्यंतचीच घरे पाहिली, तर दोनशे घरांची पाहणीही फसते. कुलूप लागलेल्या घराऐवजी शेजारचे घर घेणे ही आमच्या पाहण्यांतील सर्वांत नेहमीची चूक आहे, कारण ज्यांचे घर राहण्याजोगे उरले नाही तेच कुलूप लावून गेलेले असतात. त्यांचा पत्ता शेजाऱ्यांकडून किंवा निवारा केंद्रातून काढावा. माहिती मोबाइलवर भरायची असल्यास 'कोबो टूलबॉक्स' सारखी साधने नेटवर्क नसतानाही चालतात.

६. मदत मिळणार म्हटल्यावर लोक गरजा वाढवून सांगतात. खरे कसे ओळखायचे?

काही जण वाढवून सांगतात, काही जण संकोचाने कमी सांगतात, आणि दुसऱ्या प्रकारच्यांची संख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त असते. 'तुम्हाला काय हवे?' असे विचारले की मागण्यांची यादी मिळते. त्याऐवजी गेल्या सात दिवसांत काय केले ते विचारावे: किती वेळा जेवलात, मोठ्यांनी मुलांसाठी आपले खाणे कमी केले का, उसनवारी केली का, कामाची हत्यारे किंवा जनावरे विकली का, मुलाला शाळेतून काढून कामाला लावले का. अशा उत्तरांत अतिशयोक्ती करणे अवघड असते. त्यावर तीन बाजूंनी पडताळा घ्यावा: घरातील मुलाखत, गटचर्चा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. तिन्ही जुळत नसतील, तर खोटे पकडल्याच्या आवेशात न जाता विसंगती का आली ते पुन्हा जाऊन विचारावे. बहुतेक वेळा आपला प्रश्नच नीट विचारलेला नसतो.

७. पाहणीतून बहुधा कोण सुटते?

भाडेकरू, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे, हंगामी मजूर, नव्यानेच राहायला आलेले, अंथरुणाला खिळलेले, एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया आणि अपंग. मालकाचे नाव कागदावर असते, राहणाऱ्याचे नसते. त्यामुळे घराची नोंद होते आणि घरात राहणारा सुटतो. अपंगत्वाबद्दल 'घरात कोणी अपंग आहे का?' असे थेट विचारल्यास नकार येतो. त्याऐवजी पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची निगा राखणे आणि इतरांशी संवाद साधणे या सहा बाबतींत कोणाला किती अडचण येते, हे 'वॉशिंग्टन गटा'च्या, म्हणजे अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाच्या, पद्धतीने विचारावे.

एका पाहणीत घरातील कर्त्या पुरुषाने दारातच सांगितले की पत्रे मिळाले की झाले, बाकी काही अडचण नाही. पथकातील बाई पाणी मागण्याच्या निमित्ताने आत गेल्या. मागच्या बाजूला शौचालयाचा दरवाजा वाहून गेला होता, तेथे लुगडे बांधले होते, आणि घरातील तिघी जणी अंधार पडेपर्यंत पाणी पिणेच टाळत होत्या. अर्जात 'शौचालय आहे का?' या प्रश्नापुढे 'होय' असे लिहून झाले होते. म्हणून पथकात स्त्री असणे ही सोयीची बाब समजू नये. स्त्रियांशी, किशोरवयीन मुलींशी आणि वृद्धांशी स्वतंत्रपणे बोलावे.

८. कागदपत्रे वाहून गेली. ओळख कशी पटवायची?

मदत थांबवू नये. वस्तीतील दोन-तीन परिचितांची साक्ष, शाळेची किंवा दवाखान्याची नोंद, जुने छायाचित्र यांपैकी जे मिळेल त्यावर तात्पुरती नोंद करावी आणि दुय्यम प्रती मिळवून देण्याचे काम आराखड्यातच एक काम म्हणून धरावे. भिजलेले कागद उन्हात टाकू नयेत आणि चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत; हवेशीर सावलीत, मध्ये कोरे शोषक कागद घालून वाळवावेत. लगेच वाळवणे शक्य नसेल, तर पिशवीत घालून गोठवून ठेवल्यास बुरशी थांबते आणि नंतर निवांत काम करता येते.

९. वस्तू वाटाव्यात की रोख रक्कम?

बाजार चालू आहे का, एवढे आधी पाहावे. दुकाने उघडली आहेत, माल येण्याचा रस्ता मोकळा आहे, भाव पुरापूर्वीच्या आसपास आहेत आणि पैसे सुरक्षितपणे पोहोचवता येतात, अशा स्थितीत रोख मदत बहुधा सरस ठरते, कारण कोणाला औषध हवे असते, कोणाला भाडे द्यायचे असते आणि कोणाला पंप दुरुस्त करायचा असतो. यांपैकी एखादी जरी अट पुरी होत नसेल, तर तेवढ्यापुरत्या वस्तू द्याव्यात. पाणी शुद्ध करण्याची सामग्री आणि लसी यांसारख्या गोष्टी मात्र रोख देऊन मिळतीलच असे धरू नये. जुन्या कपड्यांच्या गठड्यांबद्दल दरवेळी विचारणा होते. त्या निवडण्यात आणि वाहून नेण्यात जाणारे मनुष्यबळ पाहता, न मागता पाठवू नयेत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

१०. नुकसान, तोटा आणि पुनर्वसनाचा खर्च हे वेगवेगळे आकडे का असतात?

पडलेले घर, वाहून गेलेला पूल, मेलेले जनावर हे नुकसान, म्हणजे मालमत्तेचा नाश. दुकान तीन महिने बंद राहिले, पीक हाती आले नाही, लांबच्या रस्त्याने माल आणावा लागला, हा तोटा, आणि तो पूर ओसरल्यावरही वाढत राहतो. पुनर्वसनाची गरज हा तिसराच आकडा: पूर्ववत होण्यासाठी, आणि शक्य तेथे पूर्वीपेक्षा भक्कम उभे राहण्यासाठी, प्रत्यक्षात काय खर्च करावा लागेल. युरोपीय आयोग, संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक बँक यांनी २००८ साली आपत्तीनंतरच्या गरजांच्या मूल्यमापनाची सामायिक पद्धत मान्य केली, तिचा पाया हाच भेद आहे.

पाकिस्तानातील २०२२ च्या महापुरानंतर, ज्याची झळ सुमारे ३.३ कोटी लोकांना बसली, नुकसान १४.९ अब्ज डॉलर, तोटा १५.२ अब्ज डॉलर आणि पुनर्वसनाची गरज किमान १६.३ अब्ज डॉलर असे अंदाज मांडले गेले. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याइतकी होत नाही, यात चूक नाही. बुडालेले सगळे उत्पन्न कोणी परत भरून देत नाही, आणि दुसरीकडे वाहून गेलेल्या पुलाच्या जागी अधिक उंच पूल बांधायचा तर मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे लागतात. आपल्या वस्तीचा हिशेबही याच तीन रकान्यांत ठेवावा. एकच मोठा आकडा मांडला, की त्यातील पाहिजे तेवढा कापणे पैसे देणाऱ्याला सोपे जाते.

११. सगळेच तातडीचे वाटते. आराखड्यात आधी काय घ्यावे?

दोन प्रश्नांनी बरीच वाट मोकळी होते. पहिला: कोणते काम झाल्याशिवाय दुसरे सुरूच होऊ शकत नाही? वीज नाही तोवर पाण्याचा पंप चालत नाही, पंप चालत नाही तोवर दवाखाना आणि शाळा नीट सुरू होत नाहीत, आणि रस्त्याखालची मोरी साफ न करता रस्ता केला तर पुढच्या पावसात तो पुन्हा उखडतो. दुसरा प्रश्न: पुढच्या पुराचा हंगाम केव्हा सुरू होतो? त्या तारखेपासून उलटे मोजत यावे. नाले, बंधाऱ्यांतील भगदाडे, निवाऱ्याची जागा आणि इशारा देण्याची व्यवस्था ही कामे त्या तारखेच्या आत बसलीच पाहिजेत. उरलेली कामे त्यानंतर गेली तरी चालतात.

क्रम ठरवताना लोकांना सभेत हात वर करायला सांगू नये, कारण सभेत मोठ्याने बोलणाऱ्याचे काम पहिले लागते. प्रत्येक कामाचे चित्र जमिनीवर मांडून प्रत्येकाच्या हाती दहा-दहा खडे द्यावेत आणि स्त्रियांचा, पुरुषांचा, भाडेकरूंचा, वृद्धांचा गट वेगवेगळा बसवावा. खड्यांचे ढीग वेगळे पडले तर तोच चर्चेचा विषय. प्रत्येक कामापुढे जबाबदार व्यक्ती, मुदत, पैशाचा मार्ग आणि काम झाले हे कसे ओळखायचे, एवढे लिहिले नसेल, तर तो आराखडा म्हणजे नुसती मागणीपत्रिका.

१२. घर कोरडे दिसते. रंग आणि गिलावा करून घ्यावा का?

घाई करू नये. भिंत वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. विटांच्या भिंतीला दर इंच जाडीमागे साधारण एक महिना, असा ढोबळ हिशेब धरतात, आणि हवा दमट असेल तर त्याहून जास्त. ओल कोंडून रंग दिला की तो सुटतो आणि मागे बुरशी वाढते. भिजलेल्या गाद्या, पुठ्ठा आणि कापूस यांवर बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते, म्हणून ते सामान आधी बाहेर काढावे, पण नोंद आणि छायाचित्र झाल्यावरच. विजेचे मुख्य बटण पाण्यात उभे राहून हाताळू नये. तळघरातील पाणी एका दिवसात उपसू नये: बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते आणि आतला आधार एकदम गेला की भिंत आत ढकलली जाते. रोज साधारण तिसरा हिस्सा उपसावा, खूण करून ठेवावी, आणि रातोरात पाणी पुन्हा चढले तर थांबावे.

१३. तीन आठवडे झाले, साथ आली नाही. आरोग्य पथक परत पाठवावे का?

नाही. अतिसार लवकर दिसतो, पण बाकीचे आजार उशिरा येतात. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून होणारा आजार, याची लक्षणे संसर्गानंतर २ ते ३० दिवसांत, बहुधा ५ ते १४ दिवसांत दिसतात, आणि चिखल काढण्याचे काम आठवडेच्या आठवडे चालू असल्यामुळे संसर्गाची संधीही चालूच राहते. कावीळ अ (हिपॅटायटिस ए) चा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, सरासरी चार आठवड्यांचा आहे, कावीळ इ (हिपॅटायटिस ई) चा त्याहूनही लांबू शकतो. पुराच्या लोंढ्यात डासांच्या अळ्या वाहून जातात, पण मागे उरलेल्या डबक्यांत त्या पुन्हा होतात. हिवतापाची लाट साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येऊ शकते. म्हणून रोगनोंद किमान तीन महिने तरी चालू ठेवावी. झोप न लागणे, पाऊस सुरू झाला की घाबरणे, अचानक दारू वाढणे याही नोंदी त्याच वहीत याव्यात.

१४. आमचे घर बुडाले नाही, पण दोन महिने तीन कुटुंबे आमच्याकडे राहिली. आम्ही पूरग्रस्त नव्हे का?

पंचनाम्याच्या दृष्टीने नव्हे, गरजांच्या दृष्टीने होय. आसरा देणाऱ्या घरांतील धान्य, पाणी आणि बचत संपलेली असते आणि शौचालयांवर ताण आलेला असतो. हीच गोष्ट बुडालेल्या बाजारपेठेवर अवलंबून असणाऱ्या कोरड्या गावांची. पाहणीच्या अर्जात 'तुमच्याकडे सध्या बाहेरचे कोणी राहते का?' हा एक प्रश्न घातला तरी ही घरे दिसू लागतात.

१५. नदीकाठची वस्ती कायमची हलवावी का?

हा सर्वांत शेवटचा पर्याय समजावा. परंतु काही ठिकाणी तोच योग्य असतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ग्रँथम या गावी जानेवारी २०११ मध्ये अचानक आलेल्या पुरात माणसे दगावली. स्थानिक परिषदेने जवळचीच उंचावरची जमीन घेऊन पुरातील जमिनीच्या बदल्यात भूखंड देण्याची योजना आखली. सहभाग ऐच्छिक होता, आणि त्याच वर्षाअखेरीस पहिली कुटुंबे नव्या घरात गेली. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील व्हॅल्मेयर हे सुमारे ९०० वस्तीचे गाव मिसिसिपीच्या १९९३ च्या पुरानंतर दोनेक मैलांवरच्या उंच कड्यावर नव्याने वसवले गेले, पण सगळी कुटुंबे नव्या गावात आली नाहीत.

दोन्ही ठिकाणी नवी जागा जुन्या शेतापासून, कामापासून आणि ओळखीच्या माणसांपासून फार दूर नव्हती, ही बाब नजरेआड करू नये. मासेमारी करणाऱ्यांना वीस किलोमीटर आत नेले, की ती घरे वर्षभरात रिकामी होतात किंवा भाड्याने जातात. लोकांना जागा दाखवून, तेथील पाणी, रस्ता, शाळा आणि मालकीचा कागद हातात देऊनच होकार मागावा. छावणीत असताना, अजून धक्क्यात असताना घेतलेला होकार ग्राह्य धरू नये. आणि सोडलेल्या जागेवर पुढे काय होणार तेही लेखी असावे. तेथे दोन वर्षांनी मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, तर पुराचे निमित्त करून गरिबांना हटवले, असे लोक म्हणतील, आणि ते चुकीचे म्हणणार नाहीत.

१६. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होऊन गेला. आता आम्ही निर्धास्त ना?

हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्याचा अर्थ, त्या पातळीचा पूर येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का. गेल्या वर्षी तो आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही, आणि तीस वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. शिवाय नदीचे पात्र अरुंद झाले किंवा पावसाची तीव्रता वाढली, तर जुना एक टक्काही खरा राहत नाही.

तटबंध उंच करा, अशी मागणी याच प्रश्नाला जोडून येते. तटबंधामुळे लहान पूर थांबतात, त्या भरवशावर मागे वस्ती वाढते, आणि मोठ्या पुरात तो फुटला की नुकसान आधीपेक्षा मोठे होते. नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ साली नद्या धोक्याच्या पातळीवर गेल्या. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. त्यानंतर त्यांनी तीसहून अधिक ठिकाणी तटबंध मागे सरकवून, पूरमैदाने खोल करून नदीला जागा करून दिली. प्रत्येक वस्तीला हे जमेल असे नाही, पण आराखड्यात 'नदीला कोठे पसरू द्यायचे' हा नकाशा असायलाच हवा.

१७. पाहणी पूर्ण होत आली आणि दुसरा पूर आला. सगळे पुन्हा करावे का?

सगळे नको. जुन्या नोंदी बाद करू नयेत. त्यांवर तारीख घालून दुसऱ्या फेरीत फक्त बदल टिपावा. पाण्याची रेघ दोनदा मोजलेली असेल (प्रश्न ३ पाहा), तर कोणते नुकसान कोणत्या पुराचे हे वेगळे करता येते, आणि भरपाईच्या वेळी नेमका तोच वाद होतो. पहिल्या मदतीतून केलेली दुरुस्ती दुसऱ्या पुरात गेली असेल, तर 'एकदा दिले आहे' या कारणावरून कुटुंब वगळू नये.

१८. यादीत नाव नाही, किंवा नको त्याचे नाव आहे. दाद कोठे मागायची?

यादी अंतिम होण्याआधी निकषांसह सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावी आणि हरकतींसाठी ठरावीक दिवस द्यावेत. मात्र आजार, अपंगत्व किंवा एकटेपणा अशी खासगी माहिती त्या कागदावर येऊ देऊ नये. तक्रार ज्याने यादी केली त्याच्याकडेच द्यायची असेल, तर कोणी देत नाही. म्हणून ती घेणारी माणसे वेगळी असावीत, तोंडी तक्रारही चालावी, आणि उत्तर लेखी व मुदतीत मिळावे. लैंगिक छळाची किंवा मदतीच्या बदल्यात काही मागितल्याची तक्रार या सर्वसाधारण मार्गाने न नेता थेट गोपनीय मार्गाने न्यावी.

१९. पुनर्वसन संपले असे केव्हा म्हणायचे?

पैसे खर्च झाले की नव्हे. पहिल्या पाहणीतील तेच प्रश्न सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी त्याच घरांना विचारावेत: पाणी कोठून आणता, कर्ज किती उरले, विकलेले हत्यार परत घेतले का, मूल शाळेत जाते का, भाडेकरू अजून तेथेच आहे की निघून गेला. प्रश्न १ मध्ये सांगितलेली तूट प्रत्येक घरापुढे पुन्हा मांडावी. जेथे ती भरून निघाली तेथील नोंद बंद करावी, आणि जेथे कर्ज वाढले आहे त्या घरांची यादी वेगळी काढून तिथे कोण जाणार आणि कोणत्या तारखेला, हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे.